डाइव्हला कॅमेरा नेताय? आधी एवढं वाचा

पाण्याखाली दोन्ही हातांना काम असतं. डावा हात बीसीडीच्या (तरंगणं सांभाळणारं हवेचं जाकीट) इन्फ्लेटरवर, म्हणजे त्यात हवा भरायच्या-सोडायच्या नळीवर. उजवा हात बडीला, म्हणजे डाइव्हच्या जोडीदाराला, खूण करायला, दोरी धरायला, तोंडातून निसटलेला रेग्युलेटर (श्वास घ्यायचं उपकरण) शोधायला. कान मोकळे करायचे तर नाक दाबायला एक हात लागतो, मास्कमध्ये पाणी शिरलं तर तो कपाळाशी दाबून धरायलाही एक हात लागतो. त्यातला एक हात कॅमेऱ्याने अडवला, किंवा दोन स्ट्रोबचा (पाण्याखालच्या फ्लॅशचा) मोठा सेट असेल तर दोन्ही अडवले, की ही सगळी कामं मागे पडतात. लक्षाचंही तसंच. डोळा स्क्रीनवर खिळला की खोली, हवा, बडी आणि करंट (पाण्याचा प्रवाह) या चारही गोष्टी नजरेआड होतात.

मनोरंजनासाठी डाइव्ह करताना झालेल्या ९४७ मृत्यूंचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. १९९२ ते २००३ या काळातल्या त्या घटना होत्या. ज्या घटनांमध्ये सुरुवात कशाने झाली हे कळू शकलं, त्यांपैकी ४१ टक्क्यांची सुरुवात हवा कमी पडण्यापासून झाली होती. कशात तरी अडकणं २० टक्के, उपकरणाची अडचण १५ टक्के. त्या यादीत ‘कॅमेरा’ असं वेगळं कारण नाही. पण हवेच्या काट्याकडे बघायचं विसरायला लावणारी, दोरीत अडकणारी आणि अंगावर एक जास्तीचं उपकरण चढवणारी वस्तू कोणती, हे सांगायची गरज नाही.

याचा अर्थ कॅमेरा नेऊ नये असा नाही. फ्रेंच जीवशास्त्रज्ञ लुई बूताँ यांनी १८९३ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावर अवजड पेटी पाण्यात उतरवून फोटो काढले, तेव्हापासून माणूस पाण्याखाली कॅमेरा नेतोच आहे. नेण्याची रीत मात्र शिकावी लागते. पुढची प्रत्येक पायरी वाचताना एकच प्रश्न मनात ठेवा: या क्षणी कॅमेरा हातातून सोडून द्यावा लागला, तर मी आहे त्याच खोलीवर, आहे तसाच स्थिर राहीन का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तिथे काहीतरी सुधारायचं आहे.

पहिली पायरी: रिकाम्या हातांची परीक्षा

कॅमेरा विकत घेण्याआधी, निदान पाण्यात नेण्याआधी, स्वतःची परीक्षा घ्या. ५ मीटरवर हात छातीशी बांधून तीन मिनिटं अधांतरी राहा. डाइव्ह कॉम्प्युटरवरचा खोलीचा आकडा अर्ध्या मीटरपेक्षा जास्त वरखाली होता कामा नये. मग त्याच जागी मास्कमध्ये पाणी घेऊन ते बाहेर काढा. मग एसएमबी, म्हणजे पृष्ठभागावर सोडायचा फुगा, वर पाठवा. ही तिन्ही कामं खोली न बदलता जमली तर तुमची बॉयन्सी, म्हणजे पाण्यात तरंगण्याचा तोल, हातांवर आणि नशिबावर अवलंबून नाही. जमली नाहीत तर अजून काही डाइव्ह रिकाम्या हातांनीच करा. नव्या डायव्हरची बॉयन्सी कॅमेऱ्याने सुधारत नाही, उलट बिघडते, आणि बिघडली हे त्याला कळतही नाही कारण तो स्क्रीनकडे बघत असतो.

यात पायांचं कामही आलं. फिन वरखाली मारत जाण्याची नेहमीची पद्धत फोटोसाठी गैरसोयीची. खालची वाळू उडते. बेडकासारखी पायांची हालचाल म्हणजे फ्रॉग किक, आणि तीच उलटी मारून मागे सरकणं म्हणजे बॅक किक, या दोन्ही शिकून घ्या. बॅक किक न येणारा फोटोग्राफर फोटो झाल्यावर मागे सरकण्यासाठी खडकाला हाताने ढकलतो, आणि तो हात कुठे पडतो ते पुढे येईलच.

थायलंडने २०२५ मध्ये प्रवाळभागांसाठी नियमच केला: पाण्याखाली कॅमेरा वापरायचा तर ॲडव्हान्स्ड पातळीचं प्रमाणपत्र हवं, किंवा किमान ४० डाइव्हची नोंद. नियमाचा हेतू प्रवाळ वाचवणं हा आहे. पण ज्या डायव्हरमुळे प्रवाळ तुटतं तोच डायव्हर स्वतःलाही धोक्यात घालत असतो, त्यामुळे ती अट कुठल्याही समुद्रात स्वतःला लावून घ्यायला हरकत नाही.

दुसरी पायरी: हाउसिंग कोरड्यात तपासा

डाइव्हच्या पाच मिनिटं आधी, हलत्या बोटीवर हाउसिंग, म्हणजे कॅमेऱ्याची जलरोधक पेटी, बंद करू नका. आदल्या रात्री करा. ओ-रिंग (पाणी अडवणारं रबरी कडं) बाहेर काढून बोटांमधून हळूच फिरवा. खरखरीत लागलं की वाळूचा कण आहे. टॉर्च तिरपा धरून खाच बघा, टॉवेलचा एखादा धागा किंवा केस तिथे आडवा पडलेला दिसतो. तेवढ्या केसावरून २० मीटरवर पाणी आत येतं. ग्रीस नावापुरतं लावायचं, रिंग चमकेल इतकंच. जास्त ग्रीस कचरा धरून ठेवतं.

हाउसिंगला व्हॅक्यूम व्हॉल्व्ह असेल तर आतली थोडी हवा पंपाने ओढून घ्या आणि दाब टिकतो का ते अर्धा तास बघा. नसेल तर आधी कॅमेरा न ठेवता रिकामं हाउसिंग पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का पाहा. आता याचा सुरक्षिततेशी काय संबंध? थेट आहे. डाइव्हदरम्यान हाउसिंगमध्ये पाणी शिरताना दिसलं की भल्याभल्यांचं भान सुटतं, आणि महागडी वस्तू वाचवायला माणूस वर पळतो. ही वेळच येऊ नये म्हणून आदल्या रात्रीची अर्धा तासाची मेहनत.

नुसते ॲक्शन कॅमेरे अनेकदा १० मीटरपर्यंतच टिकतात. त्याखाली त्यांचं डाइव्ह हाउसिंग लागतं. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेला फोन स्कूबासाठी नसतो.

तिसरी पायरी: वजनाचा हिशेब कॅमेरा सोडून

नवखे लोक सर्वात जास्त चुकतात ते इथे, आणि चूक दिसते डाइव्हच्या शेवटी, म्हणून जरा सविस्तर.

ॲल्युमिनियमचं हाउसिंग, मॅक्रो पोर्ट (लेन्ससमोरचा काचेचा भाग), दोन स्ट्रोब असा सेट पाण्यात एक ते दोन किलो जड असू शकतो. तो हातात असला की डायव्हर आपोआप खाली जातो, म्हणून कमरेची वजनं कमी करतो. सोयीचं वाटतं, पण आता कॅमेरा तुमच्या वजनांचाच भाग झाला.

टाकीचं बघा. १२ लिटरच्या टाकीत २०० बार (बार हे दाबाचं एकक) हवा म्हणजे २,४०० लिटर. ५० बार राखून वर आलात तर १,८०० लिटर हवा वापरली गेली, आणि या हवेचं वजन सव्वादोन किलोच्या आसपास भरतं. म्हणजे सेफ्टी स्टॉपला (वर येताना ५ मीटरवरच्या थांब्याला) तुम्ही सुरुवातीपेक्षा तेवढे हलके असता. नेमक्या त्याच वेळी कॅमेरा हातातून सुटला, दोरी तुटली, किंवा बोटीवरच्या माणसाने लांबवलेल्या हुकाला तो लावून दिलात, की आणखी दीड किलो जातं. बीसीडीतून बाहेर सोडायला हवाच उरलेली नसते. मग ५ मीटरवरून पृष्ठभागापर्यंतचा प्रवास तुमच्या हातात राहत नाही, आणि सगळ्यात सावकाश यायचा टप्पा तोच असतो.

म्हणून वजनं ठरवताना कॅमेरा बोटीवर ठेवा. टाकी ५० बारवर असताना, बीसीडी रिकामी करून, साधा श्वास घेऊन पाण्यात उभे राहा. पाण्याची रेषा डोळ्यांपाशी आली आणि श्वास सोडल्यावर हळूहळू बुडू लागलात, की वजन बरोबर.

कॅमेऱ्याचा तोल कॅमेऱ्यानेच सांभाळायचा. टबात किंवा पोहण्याच्या तलावात सामान मोजायच्या लटकत्या काट्याला दोरीने सेट टांगा, पाण्यात बुडवा आणि काटा वाचा. जितके ग्रॅम जड, तितकी उचल देणारे फ्लोट आर्म किंवा फोमचे तुकडे जोडा. १०० ते २०० ग्रॅम जड ठेवला तर वाळूवर ठेवता येतो आणि हातालाही जाणवत नाही. काहीजण किंचित हलका ठेवतात, सुटला तर वर तरंगत जावा म्हणून. मला ते पटत नाही. वर ओढणारा कॅमेरा मनगटाला बांधलेला असेल तर तो सतत तुम्हालाही वर ओढतो. साध्या मऊ फोमबद्दल एक सूचना: खोलवर दाबाने तो आकसतो आणि त्याची उचल कमी होते, त्यामुळे टबातला तोल ३० मीटरवर तोच राहत नाही.

वाइड अँगलचा मोठा घुमट असलेला डोम पोर्ट वेगळीच खोडी करतो. त्यातल्या हवेमुळे सेटचं तोंड वर उचललं जातं आणि तुमचं मनगट पूर्ण डाइव्हभर त्याच्याशी झुंजत राहतं. तासाभराने बोटं आखडतात. फ्लोट मागच्या बाजूला सरकवून हे बरंच सुधारतं.

चौथी पायरी: अडकवायचा कुठे आणि कसा

कॅमेरा अडकवता आला पाहिजे आणि झटक्यात सोडवता आला पाहिजे. दोन्ही, एका हाताने, न बघता, हातमोजे असतील तर हातमोजे घालून.

उजव्या खांद्यावरची डी-रिंग (अडकवायची कडी) बहुधा बरी पडते, कारण डावीकडे इन्फ्लेटर असतो आणि त्याच्या आड काहीच यायला नको. हूक बोल्ट स्नॅपचा (बोटाने खटका मागे ओढून उघडणारा) घ्या. गिर्यारोहणातला आत ढकलून उघडणारा कॅराबिनर नको. तो आपणहून दोरीत, जाळ्यात जाऊन अडकतो, आणि डायव्हर त्याला ‘सुइसाइड क्लिप’ म्हणतात ते उगीच नाही. स्नॅप हाउसिंगला थेट धातूने जोडू नका. मध्ये बारीक दोरीचा फास ठेवा, म्हणजे हूक गंजून अडकला तरी दोरी कापता येते. दोरी कापायचं छोटं कटर दोन्ही हातांना पोहोचेल अशा जागी हवं.

टांगलेला सेट ऑक्टोपस, म्हणजे दुसऱ्याला द्यायचा जादा रेग्युलेटर, झाकतो का, हे बोटीवरच आरशात किंवा बडीकडून बघून घ्या. हवा संपलेला माणूस समोर आला तर त्याला ऑक्टोपस दिसला पाहिजे, आणि तुम्हाला तो खेचून देता आला पाहिजे. स्ट्रोबच्या हातांमागे (त्यांना धरणाऱ्या दांड्यांमागे) लपलेला ऑक्टोपस नसल्यासारखाच.

मनगटाचा पट्टा आवळून बांधू नका; सैल, हात ओढला की निघेल असा. मास्कच्या पट्ट्यावर लावायचे छोटे कॅमेरे हात मोकळे ठेवतात खरे, पण दोरीत गुंतले तर मास्कच ओढून नेतात. लांब सेल्फी स्टिकबद्दल मी एवढंच म्हणेन की ती आवडणारा माणूस बहुतेक त्या गटात एकटाच असतो.

पाचवी पायरी: बडीशी बोलून घ्या

दोन फोटोग्राफर एकमेकांचे बडी झाले की प्रत्यक्षात दोघेही एकटे डाइव्ह करत असतात. शक्य असेल तर फोटो न काढणारा बडी निवडा, आणि त्याला आधीच सांगा की आज आपण सावकाश जाणार आहोत. त्यालाही कंटाळा यायचा हक्क आहे.

बोटीवर ठरवून घ्यायच्या गोष्टी: एका जागी किती वेळ थांबायचं, पुढे कोण जाणार, किती बारला परतायचं, टॉर्चची कुठली खूण ‘इकडे बघ’ आणि कुठली ‘अडचण आहे’. बडीने तुमच्या बाजूला, तुम्हाला दिसेल असं राहावं. डोक्यावर किंवा मागे राहिला तर फोटोग्राफरला तो असून नसल्यासारखा. प्रत्येक दोन-तीन फोटोंनंतर मान वर करून नजरानजर करायची, हा नियम तुमच्यासाठी. चुकामूक झाली तर एक मिनिट शोधायचं, मग नेहमीच्या वेगाने वर येऊन पृष्ठभागावर भेटायचं. ‘तो मागेच असेल’ असं धरून शेवटचा एक फोटो काढायचा नाही.

गटात असाल तर गाइडला सांगा की तुम्ही कॅमेरा नेताय. गाइड पुढे जातो, फोटोग्राफर मागे राहतो, आणि करंट असेल तर ते अंतर भरून काढायला भलतीच दमछाक होते.

सहावी पायरी: पाण्यात उतरणं

कॅमेरा हातात घेऊन उडी मारू नका. आधी तुम्ही उतरा, बीसीडीत हवा भरा, ‘ओके’ करा, मग वरून कोणीतरी सेट खाली देईल. देणाऱ्याला आधीच दाखवून ठेवा की हँडल धरायचं, स्ट्रोबचा हात नाही. करंटमुळे लगेच खाली जायचं असेल तर सेट आखूड दोरीने छातीशी अडकवलेला असावा आणि दोन्ही हात मास्क-रेग्युलेटरवर. उतरताना कॅमेरा बंदच. कान मोकळे करणं हे त्या दोन मिनिटांतलं एकमेव काम आहे.

नवीन सेट पहिल्यांदा नेताना तर पूर्ण डाइव्हच कॅमेरा बंद ठेवून करा. फक्त सांभाळा, अडकवा, सोडवा. कंटाळवाणं आहे, पण तेवढ्यात हातांना सवय होते.

सातवी पायरी: काटा, फोटो, काटा

कुठल्याही विषयाकडे जाण्याआधी तीन आकडे बघा: हवा, खोली, नो-डेको वेळ (वर येताना सक्तीचे थांबे न लागता त्या खोलीवर राहता येईल तेवढा वेळ). फोटो काढा. निघण्याआधी पुन्हा तेच तीन आकडे. अंगवळणी पडेपर्यंत प्रत्येक फोटोला.

हे का, ते हिशेबाने बघू. पृष्ठभागावर मिनिटाला १५ लिटर हवा लागणारा डायव्हर २० मीटरवर ४५ लिटर वापरतो, कारण तिथे दाब तिप्पट असतो. १२ लिटरच्या टाकीतली १,८०० लिटर वापरायची हवा त्याला ४० मिनिटं पुरेल. आता त्याच्या हातात मोठा सेट द्या आणि थोडा करंट द्या. पाण्याचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. दुप्पट वेगाने जायचं तर चौपट रोध, आणि समोर धरलेला सेट म्हणजे रोधाला आयतीच जागा. दमून त्याची गरज १५ वरून २२ लिटर झाली, तर तीच हवा २७ मिनिटांत संपते. प्रत्येक डाइव्हची सवय ४० मिनिटांची असेल तर हा माणूस काट्याकडे बघेल तेव्हा उशीर झालेला असेल.

खोलीचंही तेच. कासव पुढे चाललंय, तुम्ही स्क्रीनवर त्याला चौकटीत धरून मागे चाललाय, आणि ते उतारावरून खाली जातंय. निळ्या पाण्यात खाली चाललोय हे डोळ्यांना कळत नाही. १८ मीटरवरून २६ मीटरवर गेलात तर हवा साधारण तीस टक्के जास्त लागायला लागते. नो-डेको वेळ तर त्याहून झपाट्याने आटतो: प्रचलित डाइव्ह टेबलांपैकी एकात १८ मीटरला ५६ मिनिटं आहेत, ३० मीटरला फक्त २०. नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन असलेली हवा) असेल तर आणखी एक कुंपण लागतं. ३६ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणाची मर्यादा ऑक्सिजनच्या १.४ बार दाबाच्या हिशेबाने २९ मीटरच्या अलीकडेच येते. म्हणून खोलीचा अलार्म लावा, आवाजाकडे लक्ष द्या, आणि कासवाला जाऊ द्या. पाठलाग करून काढलेल्या फोटोत बहुधा कासवाची पाठच येते, असा माझा अनुभव आहे.

३० मीटरच्या आसपास नायट्रोजनची नशा जाणवू लागते. नशेत माणूस एकाच गोष्टीला चिकटतो, आणि कॅमेरा ही चिकटायला आदर्श गोष्ट. एकच सेटिंग तिसऱ्यांदा बदलतोय आणि का ते आठवत नाही, असं झालं तर थोडं वर या; नशा उतरते.

परतीचा आकडा नेहमीपेक्षा वर ठेवा. मी कॅमेऱ्यासह डाइव्हला नेहमीच्या आकड्यात २० बार वाढवायला सांगेन.

आठवी पायरी: श्वास रोखू नका

वाळूत बोटाच्या पेरापेक्षाही छोटी रंगीत समुद्री गोगलगाय दिसते. डायव्हर डोकं खाली, पाय वर करून तिच्यावर वाकतो. फोकस जुळत नाही. बुडबुड्यांनी कॅमेरा हलतो म्हणून तो पूर्ण श्वास भरून घेतो आणि थांबतो. फुप्फुसात दोन-तीन लिटर हवा जास्त भरली म्हणजे पाणी त्याला तितकेच किलो वर ढकलणार. आधी कंबर उचलली जाते, मग खांदे. विषय चौकटीतून सुटतोय म्हणून तो आणखी थोडा वेळ श्वास धरतो. आता तो मीटरभर वर आहे, आणि अजून डोळा स्क्रीनवरच आहे.

स्कूबाचा पहिला नियम ‘श्वास कधीही रोखू नका’ हा आहे, आणि फोटोग्राफर तो सर्रास मोडतात. भरलेल्या फुप्फुसांनी श्वास रोखून जेमतेम सव्वा मीटर वर आलं तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते, विशेषतः उथळ पाण्यात, कारण प्रमाणाने बघता दाबातला सर्वात मोठा फरक तिथेच पडतो. १० मीटरवरून पृष्ठभागापर्यंत येताना हवा दुप्पट फुगते. उथळ प्रवाळावर फोटो काढणाऱ्याने हे जास्त लक्षात ठेवायचं.

मग स्थिर कसं राहायचं? श्वास घ्या, हळूहळू सोडायला लागा, आणि सोडत असतानाच बटण दाबा. बारीक बुडबुड्यांची धार चालू असली की घसा उघडा असतो. मासा बुजला तर बुजला. हवा वाचवायला दोन श्वासांमध्ये मुद्दाम थांबणं हीसुद्धा वाईट सवय. त्याने कार्बन डायऑक्साइड साठतो, डोकं दुखतं, आणि नंतर धाप लागून वाचवलेली हवा दामदुपटीने जाते.

हात कुठे टेकताय?

ही पायरी नाही, पण सांगायला हवी. डोळा व्ह्यूफाइंडरला लागला की मोकळा हात आपोआप आधार शोधतो. दगड समजून जिच्यावर हात ठेवला ती स्टोनफिश निघू शकते. तिच्या पाठीवरच्या काट्यांत जबर विष असतं. लायनफिश लहान कोपऱ्यात चारी बाजूंनी फोटोग्राफरांनी घेरली की काटे पुढे करते. मोरे ईलच्या बिळाशी बोट नेऊ नका.

टायटन ट्रिगरफिश अंड्यांवर असेल तर तिला लांबूनच नमस्कार. तिचा इलाका घरट्यापासून वर पसरत जातो, वर जावं तितका रुंद. ती अंगावर आली की वर पळू नका, त्याने तुम्ही इलाक्यातच राहता आणि चढण्याचा वेगही वाढतो. आडवे निघून जा, फिन तिच्या बाजूला करून. इथे मोठा सेट मात्र कामी येतो. मध्ये धरायला ढाल होते.

नववी पायरी: वर येताना कॅमेरा बंद

तळ सोडण्याआधी, नंतर नाही: स्ट्रोब बंद करा, त्यांचे हात दुमडून घ्या, सेट छातीशी आखूड अडकवा. आता डावा हात इन्फ्लेटर वर धरायला मोकळा, उजव्यात कॉम्प्युटर. मिनिटाला ९-१० मीटरपेक्षा जास्त वेग नको. वर येताना व्हिडिओ काढण्याचा मोह टाळा, कारण स्क्रीनकडे बघणाऱ्याला वेग कळत नाही आणि बीसीडीतली फुगणारी हवा वाट बघत नाही.

५ मीटरवर तीन मिनिटांचा थांबा. एसएमबी सोडायचा तर दोन्ही हात लागतात आणि रीळाची दोरी स्ट्रोबच्या हातांत गुंतण्याची फार हौस बाळगते. गुंतलेली दोरी फुगलेल्या एसएमबीसह तुम्हालाच वर ओढेल. म्हणून सेट शरीराला चिकटून खाली, एसएमबी हात लांब करून पुढे. हे एकदा कॅमेऱ्यासह उथळ पाण्यात करून बघा. खुल्या समुद्रात पहिला प्रयत्न नको.

आणि काही बिघडलं तर? बडीची हवा संपली, तुम्हाला पेटका आला, करंट खाली ओढतोय: कॅमेरा सोडा. अडकवायला एक सेकंद असेल तर अडकवा, नसेल तर हात उघडा. हा निर्णय बोटीवर, कोरड्यात, आधीच घेऊन ठेवायचा असतो. विमा असेल तर तो निर्णय सोपा जातो, हे आपलं व्यवहाराचं.

दहावी पायरी: बोटीवर, आणि पाणी शिरलं असेल तर

पृष्ठभागावर आलात की आधी बीसीडी फुगवा. मास्क आणि रेग्युलेटर जागेवरच. मग सेट वर द्या, मग तुम्ही शिडीला. सेट हातात घेऊन शिडी चढायची नाही, आणि वर चढणाऱ्याच्या खाली थांबायचं नाही. सटकला तर टाकीसकट माणूस डोक्यावर येतो.

डाइव्हमध्येच हाउसिंगात पाणी दिसलं तर कॅमेरा बंद करा, लेन्सची बाजू खाली धरा म्हणजे पाणी पोर्टमध्ये जमेल, बडीला खूण करा आणि नेहमीच्या वेगाने, थांबा घेऊन वर या. पाणी भरलेला सेट आधीपेक्षा जड होतो, एखाद-दोन किलोंनी सुद्धा, म्हणून तो अडकवलेला असताना बीसीडीत किंचित हवा लागेल. पण त्याला सोडावं लागलं तर ती लगेच काढायचीही तयारी ठेवा.

बोटीवर आणल्यावर झाकण घाईने उघडू नका. हाउसिंग बाहेरून येणारा दाब सोसायला बनवलेलं असतं, आतून येणारा नाही. खोलवर आत शिरलेल्या पाण्याने कोंडलेली हवा वर येताना फुगायला बघते, आणि खारं पाणी लागलेली बॅटरीही वायू सोडते. झाकण कोणाच्याही चेहऱ्यापासून दूर वळवा, व्हॉल्व्ह असेल तर आधी तो उघडा, नसेल तर कडी सावकाश सैल करा. स्ट्रोबच्या बॅटरी कप्प्यालाही हेच लागू. भिजलेली लिथियम बॅटरी काढून केबिनबाहेर, जळण्यासारख्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि वाळली तरी पुन्हा चार्जिंगला लावू नका.